गवसणी

गाडी बघायला निघताना लोक जुन्या गाडीचं आरसी बुक घेतात, पॅनकार्ड घेतात. आम्ही तंबोरा घेतला. गवसणी चढवून, तारा उतरवून, भोपळ्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवून तो मागच्या सीटवर आडवा निजवला. बाई पुढे बसल्या, मी चालवायला. हे स्कूटरवरून मागून आले, कारण त्यांना गाडीत जागाच उरली नव्हती. नवी गाडी का हवी, हे शोरूमपर्यंतच्या त्या सहा किलोमीटरांनीच सांगितलं.

शोरूममधल्या मुलाने व्हॅनचं मागचं दार वर उचललं आणि आपुलकीने विचारलं, “मॅडम, माल कसला भरणार?”

“तंबोरे,” बाई म्हणाल्या. “आणि मी.”

बाई माझ्या गुरू. वय चौऱ्याऐंशी. दोन्ही गुडघे आता वाकत नाहीत. उभ्या राहिल्या की पाठ ताठ, आणि बसायचं म्हटलं की ते पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. सहा वर्षं त्या आमच्याकडे मिरजेत राहतात, पुढच्या खोलीत. त्याआधी सांगलीत गावभागात त्यांचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्यांचं, नदीपासून चालत दहा मिनिटांवर.

२०१९ चा ऑगस्ट आठवला की मला अजूनही आधी आवाज आठवतो. पावसाचा नव्हे, फोनचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं, हे आमच्याकडे पावसाळ्यात घराघरांत विचारतात. चाळीस म्हणजे सावध व्हा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्या आठवड्यात आकडे तासातासाला चढत होते. बाई मात्र शांत होत्या. २००५ चा पूर त्यांनी त्याच घरात पाहिला होता आणि ते पाणी कुठवर आलं होतं याची खूण त्यांनी भिंतीवर खिळ्याने करून ठेवली होती. त्या खुणेच्या वर जे जे ठेवता येईल ते सगळं त्यांनी ठेवलं होतं. गावभागातल्या कितीतरी घरांनी तेच केलं. चौदा वर्षांपूर्वीच्या पाण्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

मी मिरजेहून गाडी काढून पोचले तेव्हा बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं होतं. बाईंना हाताला धरून आणलं, पुढे बसवलं. त्यांचा एक तंबोरा मागे घेतला. तेवढ्यात शेजारचे आजी-आजोबा छत्रीखाली उभे दिसले. त्यांचा मुलगा परगावी, रिक्षा मिळत नव्हती. ते मागे बसले. आजोबांनी तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेतला, दांडी माझ्या आणि बाईंच्या सीटच्या फटीतून पुढे आली, इतकी की गिअर बदलताना माझं मनगट खुंट्यांना लागत होतं. दुसरा तंबोरा दारात उभा होता. जोडीतला. एकाच कारागिराने, एकाच वर्षी केलेला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “माणसं बसली ना? चल मग.”

मदतीला आलेल्या ह्यांच्या भावाने तो तंबोरा उचलून आत नेला आणि कपाटावर, खिळ्याच्या खुणेच्या बराच वर, आडवा ठेवला. पाणी त्या वर्षी २००५ च्या वर गेलं. आयर्विनपाशी सत्तावन्न फूट झालं. दहाव्या दिवशी आम्ही घर उघडलं तेव्हा कपाट कलंडलेलं होतं आणि तंबोरा चिखलात पालथा पडला होता.

सतार किंवा तंबोरा घडवताना भोपळा आधी पाण्यात भिजवावाच लागतो. त्याशिवाय तो नीट कापता येत नाही, आतला गर निघत नाही. म्हणजे भोपळ्याला पाणी नवं नाही. पण एकदा वाद्य जुळलं की ते सरसावर उभं असतं. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी, सरसाने चिकटलेली, गळा दांडीला सरसाने. इतके दिवस पाण्यात राहिल्यावर सरस सुटला. तबली निसटून बाजूला पडली होती, भोपळा एका कडेने खचला होता, गळा उकलला होता. दांडी तेवढी शाबूत. बाईंनी दांडी पुसली, कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि आमच्याकडे आल्यावर कपाटामागे उभी करून ठेवली. मी कितीदा म्हटलं, सतारमेकर गल्ली घरापासून पाच मिनिटांवर आहे, नवा भोपळा लावून घेऊ. त्या एकच उत्तर द्यायच्या, “करून न्यायचा कशातून?”

त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा लागला. आमच्या गाडीत एक तंबोरा म्हणजे एक माणूस कमी. दोन तंबोरे म्हणजे मागची सीट गेलीच. पुरापासून बाईंना ती बेरीज-वजाबाकी सहन होत नव्हती. कोणी गाण्याला बोलावलं की आधी त्या विचारायच्या, गाडीतून कोण येणार आहे. तबलजी येणार म्हटलं की तंबोरा नको म्हणायच्या, इलेक्ट्रॉनिक पेटी घे म्हणायच्या. पुढेपुढे तर बोलावणंच नाकारू लागल्या. लोकांना वाटलं गुडघे. मलाही तेच वाटलं होतं.

मिरजेत राहून तंबोऱ्याला जागा नसावी, याची मला मनातून लाज वाटायची. हे गाव त्या लाकडावर आणि भोपळ्यावर जगलेलं आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानातून भोपळे येतात, वर्षभर वाळतात, आणि गल्लीतल्या ओट्यांवर त्यांना दांडी मिळते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात गेले, पण त्यांना विसावा मिळाला तो इथल्या दर्ग्याच्या आवारात. आजही उरुसात तिथे त्यांच्या नावाने गाणं होतं. इतकं सगळं अंगाखांद्यावर असलेल्या गावातून एक म्हातारी गाणारी बाई केवळ गाडीत मावत नाही म्हणून घरी बसते, हे मला नको होतं.

जुनी गाडी तेरा वर्षांची झाली. तिने खूप केलं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण क्लच दुसऱ्यांदा गेला तेव्हा बदलायचं ठरलं.

मुलगा पुण्याहून आला. त्याने मनापासून अभ्यास केला होता. छोट्या एसयूव्ही दाखवल्या, उंच, देखण्या, छताला काच असलेल्या. बाईंना मी एकीत बसवून पाहिलं. सीटची उंची चांगली होती, पण छत मागे उतरत गेलेलं, त्यामुळे आत शिरताना मान वाकवावी लागे आणि गुडघा दाराच्या कडेला अडे. मागचं दार उघडलं तर डिकी उथळ. तंबोरा सीट पाडल्याशिवाय जाणार नव्हता, आणि सीट पाडायची म्हणजे पुन्हा माणूस उतरवायचा. मग अर्टिगा पाहिली. ती मला खरोखर आवडली. तिच्यात सगळं मावलं असतं आणि बाईंना चढायलाही ती सोपी होती. पण ती साधारण चार मीटर चाळीस सेंटीमीटर लांब आहे, आणि आमच्या बोळात वळताना कोपऱ्यावरच्या घराचा ओटा आडवा येतो. त्या ओट्यावर रोज संध्याकाळी दोन म्हाताऱ्या बसतात. त्यांना उठवून रोज गाडी वळवणं माझ्याने झालं नसतं.

ईको सुचवली ती ह्यांनी, आणि सुचवताना जरा चाचरत. आमच्याकडे ईको म्हणजे शाळेच्या मुलांची गाडी, दूधवाल्याची गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स. घरची रोजची गाडी म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

मी टेप घेऊन बसले. ईकोची लांबी ३६७५ मिलिमीटर, सध्या मिळणाऱ्या वॅगनआरसारख्या छोट्या गाडीची ३६५५. म्हणजे रस्त्यावर फक्त दोन सेंटीमीटर जास्त. रुंदीला तर ती साडेचौदा सेंटीमीटर कमीच आहे. मग आत एवढी जागा येते कुठून? उंचीतून येते, पंधरा सेंटीमीटर जास्त. आणि मुख्य म्हणजे इंजिन पुढे बॉनेटमध्ये नाही, पुढच्या दोन सीटांच्या खाली आहे. साध्या गाडीत नाकाला जी लांबी जाते ती इथे पोटाला मिळते. याची किंमतही आहे. पुढच्या सीटखाली ऊब जाणवते, उन्हाळ्यात जास्तच. म्हणून तंबोरा आणि बाई दोघांनी मागेच बसायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं. ताकद मागच्या चाकांना जाते; रिकामी गाडी मागून हलकी, उडी मारल्यासारखी वाटते आणि माणसं बसली की रस्ता धरते. भरल्यावर नीट चालणारी गाडी मला आपली वाटली.

बाईंना ती ओळखीची वाटली ती दुसऱ्याच कारणाने. त्यांच्या तरुणपणी त्या एसटीने गाण्याला जात. तंबोरा दोन्ही हातांनी छातीशी धरून, फाट्या-फाट्यावर हिसके खात. पुढे १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, जिला नंतर ऑम्नी नाव मिळालं. बाईंच्या एका शिष्येच्या वडिलांनी ती घेतली. सरकणाऱ्या दाराची, चौकोनी. “त्या व्हॅनने मी बेळगावला गेले, पंढरपूरला गेले,” बाई सांगतात, “जोडी मागे आणि आम्ही पाच जणी. गाण्याला पोचेपर्यंत निम्मी तालीम झालेली असायची.” ऑम्नीचं इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं, मारुती ८०० चंच. तेवढ्या बळावर ती पस्तीस वर्षं विकली गेली आणि २०१९ मध्ये, सुरक्षेचे नवे नियम आल्यावर थांबली. ज्या वर्षी बाईंचा तंबोरा गेला त्याच वर्षी. ईको त्याच घराण्यातली आहे. २००१ मध्ये व्हर्सा नावाची गाडी निघाली होती, थाटाची, ती लोकांनी घेतली नाही. तोच सांगाडा २०१० मध्ये साधा करून, कमी किमतीत ईको म्हणून आला, आणि पुढे त्या दहा लाखांहून जास्त विकल्या गेल्या. थाट उतरवल्यावर ती लोकांच्या उपयोगाला आली.

मुलाने एक गोष्ट लावून धरली आणि ती त्याने धरली याचा मला अभिमान आहे. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत ईकोला शून्य तारे मिळाले होते. त्या गाडीत एअरबॅग नव्हती. “आई, नाक नसलेली गाडी आहे, समोरून काही आलं तर तुझ्या पायांपुढे फार थोडा पत्रा आहे,” तो म्हणाला. हे खरं आहे आणि घेणाऱ्या प्रत्येकाने हे डोळे उघडे ठेवून ऐकलं पाहिजे. २०२५ पासून ईकोला सहा एअरबॅग आल्या म्हणून मी थांबून तेच मॉडेल घेतलं. तेवढ्याने गाडीची हाडं बदलत नाहीत. म्हणून आम्ही तिघांनी बसून नियम केले. मागच्यांनीही पट्टा लावायचा. साठ-पासष्टच्या वर जायचं नाही. रात्री हायवे नाही. लांब पुण्या-मुंबईला जायचं तर रेल्वे. ज्याला रोज दीडशे किलोमीटर हायवेने जायचं आहे त्याला मी ही गाडी घे म्हणून सांगणार नाही. माझी रोजची धाव मिरज-सांगली, फार तर कोल्हापूर.

शोरूममधल्या त्या मुलाने आणि ह्यांनी मिळून तंबोरा जुन्या गाडीतून काढला. ईकोच्या मागच्या सीटच्या पाठीमागे, सीट न पाडता, भोपळा डाव्या खालच्या कोपऱ्यात चुंबळीवर टेकवला आणि दांडी तिरकी वर, उजव्या कोपऱ्याकडे नेली. दांडीचं टोक छताच्या चार बोटं खाली थांबलं. दार लागलं. मी पुन्हा उघडलं, टेपने उरलेली खोली मोजली. दुसरा भोपळा पहिल्यापुढे, उलट्या कोपऱ्यात, सहज बसणार होता.

बाईंचं चढणं मात्र सोपं नव्हतं. गाडी जमिनीपासून उंच, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याला ती पायरी फार होती. पण दार सरकतं होतं. साधं दार उघडलं की ते अर्धवट येऊन मध्येच उभं राहतं, धरणाऱ्याला जागा राहत नाही. सरकतं दार पूर्ण बाजूला जातं आणि पुढे नुसती मोकळी चौकट राहते. एकाने आतून हात द्यायचा, एकाने बाहेरून कमरेला धरायचं. बाईंना मान वाकवावी लागली नाही. मी सुताराकडून बाभळीचा एक बसका पाट करून घेतला, वरून सुतळीची नक्षी ठोकलेला, पाय सरकू नये म्हणून. तो गाडीतच असतो. आधी पाट, मग बाई, मग पाट आत. उतरताना उलट.

गाडी दारात आली तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या, “अगं बाई, शाळेची व्हॅन सुरू केलीस की काय?” मी म्हटलं, “तसंच समजा.” मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपल्या गावातली मुलं सकाळी याच गाडीतून शाळेत जातात, भाजी याच गाडीतून मंडईत येते, अडलेली बाळंतीण मध्यरात्री याच गाडीतून दवाखान्यात पोचते. ज्या गाडीवर गावाने इतका भार टाकला आहे तिला हलकं लेखायचा मला हक्क नाही. पेट्रोलला ती जुन्या गाडीपेक्षा थोडी जास्त खाते, माझ्या हातात लिटरला पंधरा-सोळा देते. ते मी हिशेबात धरलं आहे.

गाडी येऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाई कपाटामागून दांडी काढून, फडकं सोडून बसल्या होत्या.

“गल्लीत जाऊन येऊ,” म्हणाल्या.

कारागिराने दांडी हातात घेतली, नखाने ठोकली, कानाजवळ नेली. लाकूड चांगलं मुरलंय म्हणाला. नवा भोपळा, नवी तबली, नवी घोडी, खुंट्या तेवढ्या जुन्याच. भोपळा निवडायला त्याने माळ्यावरून तीन उतरवले. बाईंनी प्रत्येकावर टिचकी मारून मधला घेतला. काम दोन महिने चाललं. मध्ये पाऊस होता, पॉलिश सुकत नव्हतं, त्याने घाई केली नाही आणि आम्हीही नाही. तंबोरा घरी आला त्या दिवशी मी जवारीचं सूत सरकवत किती वेळ बसले होते. पंचम लागला, जोडीचे दोन षड्ज लागले, खर्ज लागला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. कशी झालीय जोडी, मी विचारलं.

“नवा भोपळा आहे. दोन महिने वाजू दे, मग सांगते.”

मागच्या रविवारी कोल्हापूरला एका शिष्येच्या घरी बैठक होती. बाईंनी या वेळी कोण कोण येणार हे विचारलं नाही. दुपारी चारला दोन्ही तंबोऱ्यांना गवसण्या घातल्या. ह्यांनी ते मागे उलट-सुलट कोपऱ्यांत बसवले, मध्ये गोधडी कोंबली आणि जुन्या नाडीने सैलसर बांधले. पाट ठेवला. बाई चढल्या, खिडकीजवळ बसल्या. शेजारी आमची तंबोऱ्याला बसणारी मुलगी, पुढे हे, आणि चालवायला मी.

अंकलीच्या पुलावर आले तेव्हा कृष्णा दोन्ही काठांच्या खूप आत, शांत वाहत होती. आरशात मला बाई दिसल्या. त्या पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हात मागे नेला, सीटच्या पाठीवरून गवसणीवर ठेवला आणि जयसिंगपूर येईपर्यंत तो तिथेच होता.

पुरातून निघालो त्या दिवशी गाडीत चार माणसं होती आणि एक तंबोरा. रविवारी चार माणसं होती, दोन तंबोरे होते, आणि मागची एक सीट रिकामी होती.